मोटारीसाठी माफक दरातील स्टिरिओ : खोक्यावरील आकडे आणि प्रत्यक्ष उपयोग

मध्यमवर्गीय कुटुंबात येणारी पहिली मोटार अनेकदा जुनी असते, किंवा नवी असली तरी त्या गाडीचा सर्वांत कमी किमतीचा प्रकार असतो. अशा गाडीत ध्वनिसंच नसतो, अथवा असला तरी तो सीडी किंवा कॅसेट वाजविणारा, कालबाह्य झालेला असतो. त्यामुळे बाजारातून वेगळा स्टिरिओ विकत घेऊन तो बसवून घेणे हा देशातील वाहनधारकांचा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. दिल्लीतील करोल बाग व काश्मिरी गेट, मुंबईत कुर्ल्याचा सी.एस.टी. मार्ग, बंगळूरचा जे.सी. रस्ता आणि चेन्नईचा जनरल पॅटर्स रस्ता ही वाहनांच्या पूरक साहित्याची परिचित ठिकाणे आहेत. आता हीच खरेदी ऑनलाइनही मोठ्या प्रमाणावर होते.

या बाजारात ग्राहकासमोर येणाऱ्या खोक्यांवर मोठमोठे आकडे छापलेले असतात. कोठे ‘५० वॅट गुणिले ४’, तर कोठे पडद्याचा आकार आणि स्मृतीची क्षमता ठळकपणे दिलेली असते. मात्र तीन ते सहा हजार रुपयांच्या मर्यादेत खरेदी करणाऱ्या ग्राहकाला यांपैकी बहुतेक आकड्यांचा उपयोग होत नाही. संच गाडीत नीट बसतो का, तो प्रत्यक्षात किती शक्ती देतो, गाडीची मूळ वायर न कापता त्याची जोडणी होते का, आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करून देणार, हे चार प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. निवड चुकल्यास केवळ पैसे वाया जात नाहीत. सदोष जोडणीमुळे बॅटरी उतरणे, उत्पादकाने हमी नाकारणे आणि प्रसंगी शॉर्ट सर्किट होऊन गाडीला आग लागणे, असे परिणाम संभवतात.

पार्श्वभूमी

मोटारीत बसविण्यासाठी वेगळा रेडिओ विकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत गॅल्विन बंधूंच्या कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने असा रेडिओ बाजारात आणला. युरोपात जर्मनीच्या ब्लाउपुंक्ट कंपनीचा मोटार रेडिओ १९३२ मध्ये आला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये छोटी कॅसेट सादर केली आणि पुढे ती मोटारीतही रूढ झाली. पायोनियर या जपानी कंपनीने १९८४ मध्ये मोटारीसाठी सीडी वाजविणारा संच आणला.

भारतात डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मोटार सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागली. त्या काळात स्टिरिओ ही गाडीसोबत मिळणारी वस्तू नव्हती. गाडी घरी आल्यावर कॅसेट डेक आणि मागील काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर बसवून घेतले जात. आज बहुतेक नव्या गाड्यांच्या वरच्या प्रकारांत पडद्यासह ध्वनिसंच कारखान्यातूनच येतो. तथापि जुन्या गाड्या, टॅक्सी, छोटी मालवाहू वाहने आणि नव्या गाड्यांचे मूळ प्रकार यांच्यासाठी बाहेरील स्टिरिओची गरज कायम आहे.

प्रथम गाडीचे माप

स्टिरिओ निवडताना पहिले पाऊल दुकानात नव्हे, तर गाडीच्या डॅशबोर्डजवळ पडले पाहिजे. डॅशबोर्डमधील पोकळीचे माप जर्मन मानक संस्थेने ठरविले आणि पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून या मापाला ‘डिन’ म्हणतात. ‘सिंगल डिन’ संचाची रुंदी सुमारे १८० मिलिमीटर आणि उंची ५० मिलिमीटर असते. ‘डबल डिन’ संचाची रुंदी तेवढीच, परंतु उंची दुप्पट म्हणजे १०० मिलिमीटर असते. टोयोटाच्या व तिच्याशी संबंधित काही गाड्यांत ही पोकळी सुमारे २०० मिलिमीटर रुंद असते. तेथे नेहमीचा संच बसविल्यास दोन्ही बाजूंना फटी राहतात आणि त्या झाकण्यासाठी वेगळ्या पट्ट्या लागतात.

डबल डिन पोकळीत सिंगल डिन संच बसविता येतो. खाली उरलेल्या जागेत छोटा कप्पा येतो आणि पैशांची बचत होते. सिंगल डिन पोकळीत डबल डिन संच मात्र डॅशबोर्ड कापल्याविना बसत नाही. असे कापकाम टाळणेच हिताचे असते, कारण त्याच्या मागे वायरिंग आणि वातानुकूलन यंत्रणेच्या नळ्या असू शकतात.

उंची व रुंदी यांखेरीज खोलीही मोजावी लागते. सीडी यंत्रणा नसलेले आजचे संच तुलनेने कमी खोल असतात. त्यामुळे मागे कपलर व वायरी यांना जागा मिळते आणि छोट्या गाड्यांत ते सहज बसतात. अनेक गाड्यांच्या डॅशबोर्डचा दर्शनी भाग वक्र असल्याने त्या विशिष्ट गाडीसाठी बनविलेली प्लास्टिकची फ्रेम घ्यावी लागते. तिची किंमत स्टिरिओच्या किमतीत धरलेली नसते, म्हणून खर्चाचा अंदाज करताना ती आधीच विचारात घ्यावी.

काही नव्या गाड्यांत मूळ पडद्यावरच वातानुकूलन, मागील कॅमेरा आणि गाडीच्या इतर सूचना दिसतात. असा संच काढल्यास त्या सुविधाही बंद पडू शकतात. अशा गाडीत मूळ संच तसाच ठेवून फक्त स्पीकर बदलणे हा स्वस्त आणि सुरक्षित मार्ग ठरतो.

पन्नास वॅटचे गणित

सर्वाधिक दिशाभूल वॅटच्या आकड्याबाबत होते. दोन हजारांचा संच असो की आठ हजारांचा, खोक्यावर प्रत्येक वाहिनीला ४५ ते ६० वॅट असाच आकडा आढळतो. हा आकडा कोठून येतो, हे साध्या गणिताने समजू शकते.

इंजिन चालू असताना गाडीच्या विद्युतप्रणालीचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. मोटारीतील स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम असतो. संचातील छोटा प्रवर्धक गाडीच्या विद्युतदाबावरच चालतो, म्हणून स्पीकरच्या दोन टोकांमध्ये तो १४.४ व्होल्टपेक्षा अधिक दाब देऊ शकत नाही. या मर्यादेत शुद्ध स्वराचा परिणामी दाब सुमारे १०.२ व्होल्ट येतो आणि त्यानुसार शक्ती सुमारे २६ वॅट होते. प्रवर्धकातील घट वजा केल्यास प्रत्यक्षात १८ ते २२ वॅट स्वच्छ शक्ती स्पीकरला मिळते.

मग ५० वॅट कसे? प्रवर्धकावर क्षमतेबाहेर भार टाकला, तर स्वरतरंगाची टोके कापली जाऊन तो चौकोनी होतो. अशा पूर्ण चौकोनी तरंगासाठी १४.४ चा वर्ग भागिले ४ हे गणित लागू पडते आणि उत्तर सुमारे ५२ वॅट येते. याचा अर्थ खोक्यावरील आकडा निखालस खोटा नसतो. मात्र तो आवाज पूर्णपणे फाटलेल्या अवस्थेतील असतो आणि त्या अवस्थेत कोणी गाणे ऐकत नाही. अशा तरंगाने स्पीकरची नाजूक कॉइल तापून जळू शकते.

यासाठी ग्राहकाने ‘आर.एम.एस.’ किंवा ‘अखंड शक्ती’ असा आकडा विचारावा. अमेरिकेतील ग्राहक तंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेने २००३ मध्ये मोटारीतील प्रवर्धकांची शक्ती मोजण्याचे एक मानक तयार केले. १४.४ व्होल्ट दाब, ४ ओहम रोध आणि एक टक्क्यापर्यंत विकृती या अटींवर त्यात शक्ती मोजली जाते. नामांकित कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत हा आकडा बहुधा बारीक अक्षरांत दिलेला असतो आणि तो २० वॅटच्या आसपास असतो. जो विक्रेता किंवा उत्पादक हा आकडा देतच नाही, त्याच्या मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. ‘पी.एम.पी.ओ.’ या नावाने छापलेल्या शेकडो किंवा हजारो वॅटच्या आकड्यांना तर कोणतेही सर्वमान्य मानक नाही.

दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी आणखी एक पडताळणी आहे. संचाच्या मागील बाजूस फ्यूज असतो आणि त्यावर अँपिअरचा आकडा असतो. अनेक संचांत तो १० अँपिअरचा असतो. १४.४ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे संच गाडीकडून अखंडपणे घेऊ शकेल अशी शक्ती १४४ वॅट झाली. त्यातून चार वाहिन्यांना प्रत्येकी ५० म्हणजे एकूण २०० वॅट अखंडपणे मिळणे अशक्य आहे. संगीताचा जोर क्षणोक्षणी बदलत असल्याने ही पडताळणी काटेकोर नाही, तरीही खोक्यावरील दाव्याचा अंदाज येण्यास ती पुरेशी आहे.

शक्तीच्या आकड्याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शक्ती दुप्पट केली तरी ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. १८ आणि २२ वॅटमधील फरक एक डेसिबलहूनही कमी असून तो कानाला क्वचितच जाणवतो. म्हणून त्या फरकासाठी अधिक दाम मोजण्यात अर्थ नाही.

स्पीकरकडे दुर्लक्ष नको

माफक खर्चात आवाज सुधारायचा असेल, तर स्पीकर बदलण्याचा परिणाम स्टिरिओ बदलण्यापेक्षा अनेकदा अधिक दिसतो. मूळ स्पीकर कागदी शंकूचे असल्यास पावसाळी हवेतील ओलावा आणि उन्हाचा ताप यांमुळे ते काही वर्षांत खराब होतात. शंकूच्या कडेची घडी फाटलेली असेल, तर कोणताही स्टिरिओ लावला तरी आवाज थरथरतो.

स्पीकर निवडताना त्याची ‘संवेदनशीलता’ पाहावी. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल ध्वनी मिळतो, हे त्यातून कळते. ९२ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर २० वॅटवर जेवढा मोठा वाजतो, तेवढाच मोठा वाजण्यासाठी ८९ डेसिबलच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. स्वतंत्र प्रवर्धक न बसविणाऱ्या ग्राहकाने म्हणूनच अधिक संवेदनशील स्पीकर घ्यावा. ‘४०० वॅट’ असे छापलेले महागडे स्पीकर छोट्या संचावर उलट मंद वाजण्याची शक्यता असते.

दारातील स्पीकर सामान्यतः ४, ५.२५, ६ किंवा ६.५ इंच व्यासाचे असतात. मागील फळीवर ६ गुणिले ९ इंचांचे लंबगोल स्पीकर बसविले जातात. एकाच चौकटीत मोठा व छोटा स्पीकर असलेल्या ‘कोॲक्सिअल’ जोडीची किंमत कमी आणि जोडणी सोपी असते. पैसे मर्यादित असल्यास पुढील दारांतील जोडी प्रथम बदलावी, कारण चालक आणि त्याच्या शेजारी बसणारी व्यक्ती यांना मुख्यतः तोच आवाज ऐकू येतो. स्पीकर घट्ट बसवून दाराच्या पत्र्याचा खडखडाट थांबविणे, हा कमी खर्चाचा पण प्रभावी उपाय आहे. संचात ठरावीक पातळीखालील खर्ज स्वर रोखण्याची सोय असल्यास ती सुरू ठेवावी. त्यामुळे छोट्या स्पीकरवरचा ताण कमी होतो.

रेडिओची तपासणी

मोबाइलच्या काळातही प्रवासात रेडिओचे महत्त्व टिकून आहे. घाटात आणि दुर्गम मार्गांवर मोबाइलचे जाळे तुटते, तेव्हा बातम्या आणि सूचना मिळण्याचे साधन रेडिओच असते. मात्र स्वस्त संचांत रेडिओची तपासणी क्वचितच केली जाते.

भारतात एफ.एम. प्रसारण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात होते. जपानी बाजारासाठी बनविलेल्या जुन्या संचांत हा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झ एवढाच असतो. जुन्या बाजारातून असा संच घेतल्यास भारतातील बहुतेक केंद्रे त्यावर लागत नाहीत. अमेरिकी बाजाराच्या मांडणीतील संचांत केंद्र शोधण्याची पायरी ०.२ मेगाहर्ट्‌झची असते आणि दशांशस्थानी केवळ विषम अंक येतात. त्यावर ९८.३ लागते. परंतु दिल्लीतील एफ.एम. रेनबोचे १०२.६ किंवा मुंबईतील विविध भारतीचे १०२.८ नीट लागत नाही. मध्यम लहरींसाठी भारतात ९ किलोहर्ट्‌झची पायरी वापरली जाते, तर अमेरिकेत ती १० किलोहर्ट्‌झची आहे. अनेक संचांत प्रदेश निवडण्याची सोय असते आणि ती बदलताच ही अडचण दूर होते. संच ‘खराब’ ठरविण्यापूर्वी ही मांडणी पाहावी.

अनेक स्वस्त संचांत मध्यम लहरींची सोयच नसते. आकाशवाणीची मध्यम लहरींवरील केंद्रे ऐकणाऱ्यांनी याची आधी खात्री करून घ्यावी.

नवा संच बसविल्यानंतर एफ.एम. ची खरखर वाढल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. काही गाड्यांच्या छतावरील अँटेनात छोटा प्रवर्धक असतो आणि त्याला संचाकडून निळ्या वायरीद्वारे वीज द्यावी लागते. ही वायर जोडण्याचे राहून गेल्यास महागडा संचही दुबळा वाटतो.

ब्लूटूथ, यू.एस.बी. आणि देवनागरी

माफक दरातील संचात आज ब्लूटूथ आणि यू.एस.बी. या दोन सोयी पुरेशा आहेत. ब्लूटूथवर गाणी ऐकता येणे आणि फोनवर बोलता येणे या दोन वेगळ्या सुविधा असून काही अतिस्वस्त संचांत केवळ पहिलीच असते. संभाषणाची सोय असल्यास ध्वनिग्राहक संचातच आहे की वायरीने बाहेर आणता येतो, हे पाहावे. बाहेर आणून चालकाजवळ बसविलेल्या ध्वनिग्राहकामुळे समोरच्या व्यक्तीला बोलणे अधिक स्पष्ट ऐकू येते.

यू.एस.बी. च्या मूळ मानकानुसार ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॅट वीज मिळते. एवढ्या विजेवर नकाशा सुरू असलेला मोबाइल भारित होण्याऐवजी हळूहळू उतरतो. एक किंवा दीड अँपिअर देणारा संच मिळाल्यास त्याला पसंती द्यावी.

पेन ड्राइव्हबाबत दोन अडचणी वारंवार येतात. बहुतेक संच ‘फॅट-३२’ पद्धतीने तयार केलेला पेन ड्राइव्हच वाचतात. तसेच साध्या अक्षरपट्टीच्या संचांना देवनागरी अक्षरे दाखविता येत नाहीत. भावगीते, अभंग किंवा नाट्यपदे देवनागरी नावांनी साठविली असल्यास पट्टीवर चौकोन किंवा रिकामी जागा दिसते. अशा फाइलींना रोमन अक्षरांत नावे देऊन आरंभी क्रमांक घातल्यास शोधणे सोपे जाते. दुकानात जाताना स्वतःचा पेन ड्राइव्ह आणि स्वतःचा मोबाइल सोबत नेऊन दोन्ही त्याच संचावर तपासणे, ही सर्वांत विश्वसनीय कसोटी होय.

पडद्याच्या संचाचा मोह

मोठ्या स्पर्शपडद्याचे, परंतु अपरिचित नावाचे ‘अँड्रॉइड’ संच कमी दरात मिळतात. त्यांच्या जाहिरातीत स्मृतीची क्षमता आणि प्रणालीची आवृत्ती यांवर भर असतो. काही संचांच्या माहितीपटावर दिसणारे हे आकडे प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा वाढवून दाखविलेले असतात. संच सुरू होण्यास लागणारा वेळ, दुपारच्या उन्हात पडदा वाचता येतो का, आणि आवाज कमी-अधिक करण्यासाठी वेगळी कळ आहे का, या गोष्टी आकड्यांपेक्षा अधिक उपयोगी आहेत. उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. हलक्या प्रतीचे पडदे आणि घटक या तापात टिकत नाहीत.

ॲपल कार प्ले आणि अँड्रॉइड ऑटो या प्रणाली २०१४ मध्ये जाहीर झाल्या. त्यांत नकाशा आणि गाण्यांचे काम मोबाइल करतो, तर संच केवळ पडदा आणि आवाज पुरवितो. संचातील संगणक जुना झाला तरी मोबाइल बदलताच सुविधा अद्ययावत होतात. मात्र नामांकित कंपन्यांचे असे संच साध्या संचांपेक्षा बरेच महाग असतात. ज्यांचे खर्चाचे गणित तेथवर जात नाही, त्यांनी हलक्या पडद्यामागे न लागता चांगला सिंगल डिन संच आणि मोबाइलसाठी मजबूत धारक घेणे श्रेयस्कर.

जोडणी : खरा धोका येथेच

स्टिरिओच्या खरेदीपेक्षा त्याची जोडणी अधिक जोखमीची असते. संचाच्या वायरींचे रंग बहुतांशी ठरलेले आहेत. पिवळी वायर बॅटरीशी कायम जोडलेली असते आणि तिच्यामुळे घड्याळ व केंद्रे स्मरणात राहतात. लाल वायरीत गाडीची चावी फिरविल्यावरच वीज येते. काळी वायर गाडीच्या धातूच्या सांगाड्याला म्हणजे अर्थिंगला जोडतात. पांढरी व करडी वायर पुढील डाव्या व उजव्या स्पीकरची, तर हिरवी व जांभळी मागील डाव्या व उजव्या स्पीकरची असते. त्याच रंगांवर काळी रेघ असल्यास ती ऋण टोकाची वायर होय.

घाईत काम उरकणारा कारागीर कधी कधी लाल आणि पिवळी वायर एकत्र जोडतो. संच चावीविना सुरू होतो म्हणून ग्राहकही खूश होतो. परंतु संच पूर्ण बंद न होता सतत वीज घेत राहतो. समजा तो ०.२ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर दिवसाला ४.८ अँपिअर-तास वीज खर्च होते. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्यामुळे आठवड्याभरात जवळजवळ रिकामी होते. गावाहून परतल्यावर गाडी सुरू न होण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

स्पीकरची ऋण वायर गाडीच्या सांगाड्याला जोडणे ही दुसरी चूक. आजच्या संचांत स्पीकरच्या दोन्ही टोकांना प्रवर्धकाकडून दाब मिळतो. त्यांतील एक टोक सांगाड्याला टेकल्यास प्रवर्धकाची चिप जळू शकते.

तिसरी आणि सर्वांत गंभीर चूक फ्यूजबाबतची आहे. फ्यूज वारंवार जात असल्यास त्याचे कारण शोधावे लागते. त्याऐवजी अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार लावल्यास वायरच तापते, तिचे आवरण वितळते आणि डॅशबोर्डमागे आग लागू शकते. केवळ पीळ देऊन वर टेप गुंडाळलेले सांधे उन्हाने सुटतात आणि तेथेही हाच धोका असतो.

हे सर्व टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे त्या गाडीसाठी मिळणारा कपलर. एका बाजूस गाडीचा मूळ जोड आणि दुसऱ्या बाजूस संचाचा जोड असलेला हा वायरींचा जुडगा काहीशे रुपयांत मिळतो. त्यामुळे मूळ वायर कापावी लागत नाही आणि गाडी विकताना जुना संच परत बसविता येतो. काही युरोपीय बनावटीच्या गाड्यांत लाल आणि पिवळ्या वायरीच्या जागा उलट असतात. अशा वेळी चावी काढताच संच सर्व केंद्रे विसरतो. कपलरवरील दोन जोडांची अदलाबदल केल्यास हा दोष जातो.

हमी, विमा आणि कायदा

हमीच्या मुदतीत असलेल्या गाडीची मूळ वायर कापल्यास विद्युतप्रणालीतील बिघाडाची हमी उत्पादक नाकारू शकतो. म्हणून कपलर वापरण्याचा आग्रह धरावा आणि शक्य असल्यास गाडीच्या अधिकृत सेवा केंद्रात आधी विचारणा करावी.

कारखान्यातून न आलेली विद्युत उपकरणे गाडीच्या मूळ विम्यात आपोआप समाविष्ट होत नाहीत. त्यांचे मूल्य विमा कंपनीला कळवून ‘आय.एम.टी. २४’ या जोड-अटीनुसार जादा हप्ता भरल्यास त्यांना संरक्षण मिळते. महाग संच बसविणाऱ्यांनी ही तरतूद लक्षात ठेवावी. अशा दाव्यासाठी आणि हमीसाठीही पक्के बिल आवश्यक असते.

वाहन चालविताना चालकाने चलत्‌चित्रे पाहण्यास २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनी मनाई केली असून मार्गदर्शनासाठीचा नकाशा त्याला अपवाद आहे. पडद्याच्या संचांत गाडी चालू असताना चित्रफीत बंद ठेवण्यासाठी हँडब्रेकशी जोडायची वायर दिलेली असते. ती वायर थेट अर्थिंगला जोडून हा अटकाव निकामी करण्याची पद्धत बाजारात आढळते. ग्राहकाने तशी मागणी करू नये आणि कारागिराने तसे केल्यास ते दुरुस्त करून घ्यावे. अवघ्या दोन सेकंदांत ताशी ७२ किलोमीटर वेगाची गाडी ४० मीटर पुढे गेलेली असते.

आवाजाच्या पातळीबाबतही तारतम्य हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल पातळीचा ध्वनी आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. पातळी ३ डेसिबलने वाढली की हा अवधी निम्मा होतो. शिवाय रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येणार नाही इतका मोठा आवाज रस्त्यावर कोणाच्याही हिताचा नाही.

खर्चाची विभागणी

एकूण रक्कम निश्चित करून तिची विभागणी आधीच केल्यास मोह टाळता येतो. सहा हजार रुपये हाताशी असल्यास सुमारे तीन हजारांत नामांकित कंपनीचा सिंगल डिन संच, दोन हजारांच्या आसपास पुढील दारांसाठी स्पीकरची जोडी आणि उरलेल्या रकमेत कपलर, फ्रेम व मजुरी, अशी सर्वसाधारण मांडणी करता येते. संपूर्ण रक्कम स्टिरिओवर घालवून जोडणीत काटकसर करणे हा उलटा व्यवहार ठरतो.

जुना संच घेण्यास हरकत नाही, परंतु तो विक्रेत्याकडे बॅटरीवर चालवून पाहावा. चारही वाहिन्या, आवाजाची कळ, यू.एस.बी. आणि सुटा होणारा दर्शनी भाग असल्यास त्याचे जोड तपासावेत. परिचित ब्रँडचे नाव दिसले तरी त्या नावामागे आज कोणती कंपनी उभी आहे, याची चौकशी करावी. काही जुनी नावे आता परवान्यावर वेगवेगळ्या उत्पादकांकडून वापरली जातात. ब्लाउपुंक्ट हे त्याचे उदाहरण आहे. म्हणून नावाइतकेच महत्त्व आपल्या शहरात सेवा केंद्र आहे का, या प्रश्नाला द्यावे.

काम पूर्ण झाल्यावर दुकानातून निघण्यापूर्वी पाच मिनिटे खर्च करावीत. चावी काढल्यावर संच बंद होतो का आणि पुन्हा लावल्यावर केंद्रे स्मरणात राहतात का, हे पाहावे. संतुलनाची कळ फिरवून डावा, उजवा, पुढील आणि मागील स्पीकर वेगवेगळा ऐकावा. दिवे, वायपर, हॉर्न आणि मागील काचेची उष्णतापट्टी पूर्वीप्रमाणे चालतात याची खात्री करावी. इंजिनाचा वेग वाढविताच स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येत असल्यास अर्थिंगची जोडणी सदोष असण्याची शक्यता असते. कारागिराकडून ती तेथेच तपासून घ्यावी.

विक्रेत्याने हमी पाळण्यास नकार दिल्यास पक्क्या बिलाच्या आधारे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. बिल, हमीपत्र, खोक्यावरील अनुक्रमांक आणि काढून ठेवलेला जुना संच या चार गोष्टी जपून ठेवाव्यात.